अक्काच्या आवाजाची घडी

माझी मोठी बहीण, आमची अक्का, जळगावला राहते. तिचे स्वरयंत्र काढावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला: "मंग मी ह्यासले हाक कशी मारसू?" ह्यास म्हणजे तिचे यजमान. आम्ही त्यांना नाना म्हणतो. डॉक्टरांनी पाटी, खुणा, पुढे शिकता येण्यासारखे काही उपाय अशी उत्तरे दिली. ती सर्व योग्य होती, पण हाक मारणे ही गोष्ट त्यांत बसत नव्हती. हाक पाठमोऱ्या माणसालाही ऐकू गेली पाहिजे.

मी धुळ्याला देवपुरात राहतो. आयुष्यभर गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर हौसेने प्रोग्रामिंग शिकलो. अक्काचा आवाज शस्त्रक्रियेपूर्वी टिपून ठेवावा, तिच्या फोनच्या पडद्यावर चित्रांचे चौकोन असावेत, आणि चौकोन दाबला की तिच्याच आवाजात वाक्य उमटावे, असा एक छोटा प्रोग्राम लिहिण्याचे मी ठरवले. अडचण फोनच्या साठवणीची होती. अक्काचा फोन जुना, आणि नातवंडांच्या बारशापासूनच्या चित्रफितींनी काठोकाठ भरलेला. त्यांतली एकही पुसायला ती तयार नव्हती. नवा फोन घ्यायलाही नाही, कारण या फोनवर तिचा हात बसला होता.

म्हणून मी ध्वनीची घडी घालणारी, म्हणजे तो कमी जागेत बसवणारी, एक मुक्तस्रोत लायब्ररी निवडली. लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरावा असा तयार कोडचा संच. मुक्तस्रोत म्हणजे तो कोड कोणालाही वाचता येतो, तपासता येतो आणि विनामूल्य वापरता येतो. ध्वनी लहान करण्याच्या पद्धती दोन प्रकारच्या असतात. पहिली पद्धत कानाला फारसे जाणवणार नाहीत असे भाग टाकून देते. दुसरी काहीही टाकत नाही. ओळीने एकशे एक, एकशे तीन, एकशे चार अशा संख्या लिहायच्या असतील, तर पहिली संख्या पूर्ण लिहावी आणि पुढे फक्त फरक लिहावा: दोन, एक. जागा कमी लागते आणि मूळ ओळ जशीच्या तशी परत मिळते. ही लायब्ररी याच तत्त्वावर चालते. मागच्या ध्वनीवरून पुढच्याचा अंदाज बांधते आणि अंदाज जितका चुकला तेवढेच लिहून ठेवते. अक्काचा आवाज आजारामुळे बसला होता. त्या खरखरीतला कोणता अंश टाकाऊ, हे ठरवायचा अधिकार मला कोणत्याही यंत्राला द्यायचा नव्हता. म्हणून दुसरी पद्धत.

एसटीने जळगावला पोहोचलो, तर अक्का ठेवणीतले लुगडे नेसून, डोक्यावर पदर घेऊन, शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखी ताठ बसली होती. मी दारे-खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. ती सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"मला पाणी द्यावे."

"आपण जेवणास यावे."

"मला बरे वाटत नाही."

माझ्यासमोर बोलायचे आणि तेही यंत्रात साठवायचे, तर घरची बोली सोडून पुस्तकातलेच बोलले पाहिजे, असे तिने गृहीत धरले होते. मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. उलट प्रत्येक वाक्यानंतर मी "छान" म्हणत होतो. शांत खोलीतले ते स्पष्ट बोल लायब्ररीने निम्म्याहून कमी जागेत बसवले. घडी उलगडून मूळ ध्वनीशी ताडून पाहिली. एकाही बिटाचा, म्हणजे तिळमात्रही, फरक नव्हता.

नाना मागच्या अंगणात सायकल पुसत होते. अक्काने स्वयंपाकघरातून चौकोन दाबला. "आपण जेवणास यावे." नाना हलले नाहीत. तिने पुन्हा दाबला. तरीही नाही. शेवटी मीच बाहेर गेलो.

"नाना, अक्का बोलावते आहे. ऐकू आले नाही का?"

"ते ती बोलनी? मले वाटनं टीव्ही चालू शे."

मी त्यांना आत आणून फोन कानाशी धरला. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि मान हलवली. "आवाज तिनाच शे. पन हाई ती नही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू दाबं ना त्याले मशीनमा? आखी जिंदगी मी जिनिंगमा कापूसन्या गाठी दाब्यात. गाठ सोडी टाकी तरी कापूस पह्यलासारखा फुगत नही."

सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या गिरणीत राबलेल्या माणसाची ही शंका रास्त होती आणि तिची परीक्षा घेणे शक्य होते. मी घडी न घातलेले मूळ ध्वनिमुद्रण लावले. नाना पुन्हा म्हणाले, "हाई बी नही." म्हणजे जे हरवले होते, ते लायब्ररीकडे पोहोचण्याआधीच हरवले होते. दिले तेवढे लायब्ररीने प्रामाणिकपणे परत केले होते.

अक्का पाटावर बसून हे ऐकत होती. तिने पदर डोक्यावरून खाली घेतला. "मंग मना आवाज ऱ्हाई बी गया, तरी ह्या येवाव नहीत?"

आवाज उरला तरी नाना येणार नाहीत, ही तिची धास्ती होती. नाना फडके घेऊन पुन्हा सायकलीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला विचारून माझा फोन ध्वनिमुद्रण सुरू करून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला आणि स्वतः घराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसलो. सुरुवातीला ती फोनकडे पाहून काहीच बोलेना. नंतर दूध उतू जाऊ लागले, नाना नेमके तेव्हाच दिसेनासे झाले आणि अक्का फोन विसरली.

"ओ, कोठे गयात? चहा थंडा व्हई ऱ्हायना!"

"पाय धोईसन या, आत्तेच फरशी पुसेल शे!"

"चष्मा तुमना डोकावरच शे!"

दुपारी मी त्यातली वाक्ये कापून सुटी केली. आता निराळीच अडचण उभी राहिली. मागे कुकरची शिट्टी होती, भांड्यांचा आवाज होता, रस्त्यावरून रिक्षा गेली होती. अशा गोंगाटाचा अंदाज बांधता येत नाही. अंदाज चुकला की फरक मोठे, आणि फरक मोठे की घडीही मोठी. सगळी वाक्ये अक्काच्या फोनमध्ये मावेनात. जागा कमी घेणारी पहिली पद्धत वापरता आली असती. मी अक्कापुढे दोन्ही पर्याय ठेवले: प्रत्येक वाक्यातले थोडे थोडे जाऊ द्यायचे, की काही वाक्ये पूर्ण जाऊ द्यायची.

"काही वाक्यं जाऊ दे," ती म्हणाली.

निवड तिनेच केली. मी पाणी, औषध, दुखणे ही वाक्ये अत्यावश्यक म्हणून वेगळी काढली होती. तिने नेमकी तीच बाजूला सारली. "पानी मी हात दखाडीसन मांगी लिसू." चहा ठेवला, फरशी ठेवली, चष्मा ठेवला. "बसा जरासा" हे शब्द ती नानांना सहज म्हणाली होती, तेही ठेवले. माझ्या शिस्तीला ही यादी उलटी वाटली, पण प्रश्न हाक मारण्याचा होता आणि तो तिने पहिल्याच दिवशी नीट मांडून दिला होता.

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. घरी आल्यावर काही दिवस तिने फोनला हात लावला नाही. मी भेटायला गेलो तेव्हा गळ्याला मऊ फडके बांधून ती स्वयंपाकघराच्या दारात बसली होती आणि नाना अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते, तिच्याकडे पाठ करून. तिने फोन उचलला, पडदा डोळ्यांजवळ नेला आणि चौकोन दाबला.

"ओ, कोठे गयात? चहा थंडा व्हई ऱ्हायना!"

"ऊनू, ऊनू!" नाना म्हणाले. हातातला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून ते लगबगीने आत आले आणि स्वयंपाकाच्या ओट्याकडे पाहू लागले. गॅस बंद होता. पातेले धुऊन पालथे घातलेले होते.

"कोठे शे चहा?"

अक्काने बोट फिरवून दुसरा चौकोन शोधला.

"बसा जरासा."

नाना तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले.