कमलेशची कांजी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलींना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही. आठवड्यापूर्वी बाजारात काळी गाजरं दिसायला लागली आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

मी सेलूचा. वडील जिनिंगमध्ये हमाल. घरात पदवी घेणारा मी पहिला. शाळेतल्या सरांनी फीपासून पुस्तकांपर्यंत सगळं पाहिलं, म्हणून दिल्लीला केंद्र सरकारच्या नोकरीत लागलो, सरोजिनी नगरात क्वार्टर मिळालं. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण त्यातूनच एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती — शिकलेल्या माणसाला कळतं, न शिकलेल्याला सांगावं लागतं.

आमचं ऑफिस दर हिवाळ्यात मेळा भरवायचं. तुकडाभर जमीन कसणारे, घरी खाण्याच्या वस्तू करून विकणाऱ्या बाया — ज्यांना एरवी बाजारात कुणी उभं करत नाही, त्यांना दहा दिवस स्टॉल. तिथे माल चालला की दुकानदार स्वतः शोधत यायचे. अर्जासोबत नमुन्याची बरणी द्यायची. ते नमुने तपासणं त्या वर्षी माझ्याकडे होतं.

कमलेशची बरणी अजून डोळ्यांसमोर आहे. यमुनेच्या काठी, पुराच्या गाळात ती भाजी पिकवायची; वस्तीतल्या आणखी चार जणी तिच्यासोबत. बरणीत काळंजांभळं पाणी आणि गाजराच्या फोडी. झाकण फिरवलं तर फस्स करून फेस वर आला, माझ्या फायलीवर सांडला. आंबूस वास. आमच्याकडे लोणचं म्हणजे वर तेलाचा तवंग. फेस दिसला की आई बरणी उकिरड्यावर रिकामी करायची. मी चवही घेतली नाही. शेरा लिहिला — 'नमुना नासलेला. स्वच्छतेचा अभाव.'

ते दुसरं वाक्य का लिहिलं मी? तिची वस्ती मी पाहिलेलीसुद्धा नव्हती.

त्याच रविवारी समोरच्या क्वार्टरमधल्या खन्ना आंटींनी हातात ग्लास दिला. तेच जांभळं पाणी, तोच फेस. मी बिचकलो तसं त्या म्हणाल्या, "पी ले बेटा, कांजी है. झाग न आए तो समझो बनी ही नहीं. तुम मराठी लोग भी ना, अचार में तेल न दिखे तो डॉक्टर बुला लेते हो." सगळे हसले. मीही हसलो. प्यायलो. मुद्दाम आंबवलेल्या त्या पाण्यातली मोहरी नाकात चढली, चव सुरेख होती — आणि कमलेशची बरणी आठवली.

सोमवारी फाईल माझ्याच टेबलावर होती. यादी गुरुवारी लागणार होती. एक ओळ खोडायची, बाजूला सही करायची. एवढंच. किती वेळा उघडली ती फाईल? चार वेळा तरी. पण खोडलं असतं तर साहेबांनी कारण विचारलं असतं, आणि मग सेक्शनभर झालं असतं की या गावाकडच्या माणसाला कांजी ठाऊक नाही. भीती तेवढीच. दुसरी कसलीच नव्हती. मंगळवारी मी फाईल वर पाठवली.

शुक्रवारी कमलेश आली. बोटं गाजरांनी जांभळी झालेली. भांडली असती तर — पण ती भांडली नाही. "कमी क्या रह गई, साहब? बता दो, सुधार लेंगे. हम तो अनपढ़ हैं." मेळ्याच्या भरवशावर पाचही जणींनी अख्ख्या रानात काळं गाजरच लावलं होतं. तेही तिने तक्रार म्हणून नाही, सहज सांगितलं.

निदान तेव्हा तरी? मी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि समजावलं — हो, समजावलं — की फेस म्हणजे जंतू, पाण्यातलं लोणचं टिकत नाही, सिरका, म्हणजे व्हिनेगर, उकळून घाला. ती मान हलवत ऐकत राहिली. उठताना म्हणाली, "सास से सीखी थी. उसी ने ग़लत सिखाया होगा."

मी तिला दारापर्यंत सोडून आलो.

पुढच्या हिवाळ्यात तिची नवी बरणी आली. लाल गाजर, सिरका, फेसाचा थेंब नाही. मी पास केली. मेळ्यात मी लांबूनच तिचा स्टॉल पाहत होतो. लोक एक फोड तोंडात टाकायचे आणि पुढे जायचे. तसलं लोणचं कुठल्याही दुकानात मिळत होतं. एका म्हातारीने थांबून विचारलं, "कांजी नहीं रखती, बेटी?"

"ना माताजी," कमलेश म्हणाली, "वो गंदी चीज़ है. हमारे साहब पढ़े-लिखे हैं, उन्होंने छुड़वा दी."

केवढ्या कौतुकाने म्हणाली. मी चार पावलांवर उभा होतो. वळलो आणि फाटकाच्या दिशेने चालू लागलो.