शाळेत ठेवलेली माणसं

गिताबाईशी गावात कोणी उगाच वाद घालायला जात नसे. तिची जीभ कडू नव्हती, पण एकदा विचारलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत ती सोडत नसे, आणि त्याचंच लोकांना ओझं वाटे.

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या कासुर्डीवरून आत वळून ऊस-कांद्याच्या शेतांतून गेलं की तिचं गाव लागतं. ती लग्न होऊन आली तेव्हा सासरी मेंढरं होती. संसाराची पहिली वर्षं तिनं घोड्यावर बिऱ्हाड लादून रानोमाळ काढली, थोरला संपत तर कुणाच्या तरी बांधावरच जन्मला. पुढं शेताला पाणी आलं. सासऱ्यानं मेंढरं विकून ऊस लावला, पाटसच्या साखर कारखान्याला घातला, आणि घर एका जागी बसलं. नवरा लवकर गेला. मग गिताबाईनं जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं. शेत संपत बघू लागला, घर सून प्रगतीनं हाती घेतलं, आणि गिताबाईचा जीव शाळेच्या मागच्या खिचडीच्या खोलीत रमला.

दोन हजार वीस साली लॉकडाऊन लागला तशी शाळा बंद झाली. गावानं वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. मे संपता संपता मुंबई-पुण्याकडची गावची माणसं परत येऊ लागली, तेव्हा त्यांना आधी चौदा दिवस शाळेत ठेवायचं असं ठरलं. पहिले आले ते ब्लेसन, त्याची बायको स्वीटी आणि त्यांची लहानगी. ब्लेसन मुंबईत एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता. तो राहायचा त्या चाळीत कोरोनाचे पेशंट निघाले, म्हणून बायकोपोरीला आईकडं सोडून पुन्हा ड्युटीवर जायचं त्याच्या मनात होतं. पण 'दवाखान्यातला माणूस' एवढं कानावर पडताच गाव बिचकलं. त्यांना शाळेच्या कडेच्या, पत्र्याच्या खोलीत ठेवलं आणि फाटकाला दोरी बांधली.

ब्लेसनची आई कृपाबाई गिताबाईच्या घरामागं एकटीच राहायची. तरुणपणी शिरूरला मिशनच्या शाळेत आया होती, नवरा शमुवेल रिटायर झाल्यावर दोघं इकडं आली, आणि शमुवेल गेल्यावरही ती इथंच राहिली. रोज दुपारी ती फाटकाशी डबा ठेवायची, लांब उभी राहून नातीला हाका मारायची आणि डोळे पुसत परत यायची.

जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. ते कोकणात शिरणार असं दोन दिवस सगळ्यांच्या मोबाईलवर येत होतं, पण कोकण तिकडं, आपण इकडं, असंच लोक धरून चालले होते. दुपारनंतर वारा सुटला तो थांबेचना. उभा ऊस झोपला, विजेचे खांब वाकले, मोबाईलचा टॉवर बंद पडला. गिताबाईच्या पडवीची भिंत पावसानं फुगून आत बसली. तिच्या कडेचं कोंबड्यांचं खुराडं तेवढं कसंबसं वाचलं.

सकाळी पाऊस उघडला आणि सारं गाव बाहेर पडलं. त्या सकाळची आठवण काढली की गिताबाई आजही म्हणते, तेवढा वेळ गाव फार चांगलं वागलं. हाक न मारता माणसं येत होती. पोरांनी ट्रॅक्टर लावून रस्त्यात पडलेली कडुनिंबाची खोडं ओढून काढली. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांचं धान्य दुसऱ्यांच्या ओट्यावर वाळत पडलं. कस्तुराबाईची गाय पडलेल्या गोठ्याखाली अडकली होती, ती चौघांनी वासे उचलून बाहेर काढली. शेजारचा म्हस्कू गवंडीकाम करायचा. त्यानं गिताबाईची पडकी भिंत बघितली, स्वतःच्या घरचे भिजलेले कपडे तसेच टाकून तो घमेलं घेऊन आला आणि दुपारपर्यंत निम्मी भिंत उभी केली. तोंडाला रुमाल बांधून, अंतर ठेवून का होईना, पण प्रत्येक जण प्रत्येकाला विचारत होता, तुमचं काय, तुमच्याकडं सगळं नीट हाय ना.

गिताबाईनं म्हस्कूला चहा दिला आणि सहज विचारलं, शाळेतल्या माणसांकडं कोण जाऊन आलं?

म्हस्कूनं कपात तोंड घातलं. आपल्याला काही माहीत नाही, सरपंचांनी बघितलं असेल, असं तो म्हणाला. गिताबाई पदर खोचून चौकात गेली. सरपंच खंडू आप्पा तिथं पोरांना ताडपत्र्या वाटत उभे होते. माणूस वाईट नव्हता. पहाटेपासून त्यांच्या पायाला चिखल लागला होता, घसा बसला होता. गिताबाईनं तोच प्रश्न त्यांना विचारला.

आप्पा म्हणाले, तहसीलला फोन लागत नाही, वरून काही सांगितल्याशिवाय त्यांना हलवता येत नाही.

“हलवा म्हनत न्हाई मी, आप्पा. जित्ती हायती का बघून तर या.”

आप्पांनी आजूबाजूला बघितलं. गावात ‘पप्पू अन् कंपनी’ म्हणून ओळखली जाणारी जी पोरं सकाळपासून गाळात उतरून लोकांच्या घरातलं पाणी काढत होती, ती आता ताडपत्रीच्या घड्या मोजायला लागली. एक जण म्हणाला, घरात म्हातारी आहे. दुसरा म्हणाला, लहान पोर आहे. सगळ्यांची कारणं खरी होती, आणि गिताबाईला राग आला तो त्याचाच. खोटं बोलत असते तर तिनं तिथल्या तिथं खडसावलं असतं.

ती तशीच कृपाबाईकडं गेली. म्हातारी दारात बसून होती. डबा भरून तयार होता, पण ती उठली नव्हती. गिताबाई म्हणाली, मावशी, चला, आपण दोघी जाऊ. कृपाबाईनं तिचा हात धरला आणि हळू आवाजात सांगितलं, “नको गं गिता. आज गडबड केली तर गाव पुढं मला नीट राहू द्यायचं न्हाई. देवबाप सांभाळील त्यांना.”

“देवानं सांभाळायला आपुन गेलो तर त्याला काय राग येनार हाय का?” गिताबाई म्हणाली. कृपाबाई रडायला लागली. रडणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही, म्हणून गिताबाई आणखीच चिडली आणि डबा उचलून एकटी निघाली.

शाळेच्या फाटकाची दोरी तशीच होती. आत कडेच्या खोलीवर पत्रा नव्हता. तीन पत्रे मैदानाच्या टोकाला गुंडाळून पडले होते, बाकीचे कुठं गेले कुणास ठाऊक. ती तिघं व्हरांड्याच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसली होती. अंथरुणं ओलीचिंब झाली होती. ब्लेसनच्या कपाळाला रुमाल बांधलेला होता. पत्र्याचा खिळा उडून लागला होता. लहानगी स्वीटीच्या ओढणीत गुंडाळलेली होती आणि तिचे दात वाजत होते.

गिताबाईला बघून ब्लेसन उठून उभा राहिला आणि लांबूनच म्हणाला, “काकू, जवळ येऊ नका. कुणी बघितलं तर तुम्हाला त्रास होईल.”

रात्रभर ज्याच्या डोक्यावर छप्पर नव्हतं तो माणूस तिची काळजी करत होता. खिचडीची खोली स्लॅबची होती, कोरडी होती आणि तिची किल्ली गिताबाईच्या कमरेलाच असायची. तिनं कुलूप काढलं, तांदळाची पोती एका कडेला सारली, गॅस पेटवला आणि पातेलंभर पाणी तापायला ठेवलं. मग बाहेर येऊन पायरीच्या खाली उभी राहिली आणि त्यांना आत जायला सांगितलं. स्वीटी उंबऱ्याशी थांबली. भांड्यांना हात लावला तर चालेल का, असं तिनं विचारलं.

“भांडी घासली की निघत्यात. जा आत,” गिताबाई म्हणाली.

ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. संपत वाटेतच उभा होता. त्यानं तिला आत घेतलं नाही असं म्हणता येणार नाही; त्यानं फक्त मान खाली घालून सांगितलं की प्रगतीला दिवस गेलेत, तर आई, तू थोडे दिवस शेतातल्या खोपीत राहशील का. गिताबाईनं होय म्हटलं. प्रगतीसाठी ती तसंही लांबच राहिली असती. पण त्यानं न विचारता ती गेली असती आणि त्यानं विचारल्यावर गेली, या दोहोंतला फरक तिला फार लागला. सुनेनं भाकरी बांधावर आणून ठेवायला सुरुवात केली, जशी कृपाबाई फाटकाशी डबा ठेवायची तशीच.

गावात त्यावर बरंच बोलणं झालं. आपली पोरं ज्या भांड्यात जेवतात तिथं आजारी माणसं नेऊन ठेवली, असं बायका म्हणू लागल्या. ती माणसं आजारी नव्हती, हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता. खंडू आप्पा खोपीपाशी येऊन लांबूनच बोलून गेले. गिताबाई, तू केलंस ते चूक म्हणत नाही, पण आम्हाला विचारायला पाहिजे होतं, असा त्यांचा सूर होता. मी विचारलं होतं, असं ती म्हणाली. आप्पा निघून गेले. संध्याकाळी मात्र शाळेच्या फाटकाशी कुणीतरी एक ताडपत्री आणि दोन कोरड्या गोधड्या ठेवून गेलं. कुणी ठेवल्या ते आजवर कळलेलं नाही. म्हस्कूनं निम्म्यात टाकलेली भिंत तशीच राहिली. त्यानं घमेलंसुद्धा परत नेलं नाही.

खोपीत बसून गिताबाई चिडायची. मेंढरांच्या मागं फिरत होतो तवा पावसापान्याचं कुनीबी बिऱ्हाडावर आलं तर त्याला घोंगडं द्यायचो, नाव मागनं इचारायचो, असं ती स्वतःशीच बोलायची. मग तिला हेही आठवायचं की तेव्हा सुद्धा गावोगाव लोक त्यांना शेतात बसू देत नसत, पाण्यावरून हाकलत. आपलेच आधीचे दिवस चांगले होते असं म्हणून समाधान करून घ्यावं, तर तेही होईना.

मुदत संपली. तिघांना काहीच झालं नव्हतं. ब्लेसन मुंबईला ड्युटीवर गेला, स्वीटी लेकीला घेऊन सासूकडं आली. गिताबाई घरी आली आणि तिनं सगळ्यात आधी खिचडीची खोली धुऊन काढली, सगळी पातेली राखेनं घासली, उन्हात पालथी घातली. ते काम तिनं रस्त्यावरून दिसेल असं केलं, आणि तसं करावं लागलं याचाही तिला राग आला.

एके सकाळी म्हस्कू आला. काहीच न झाल्यासारखा त्यानं सिमेंटचं पोतं उतरवलं आणि पाणी मागितलं. गिताबाईनं बादली त्याच्यासमोर ठेवली आणि तिथंच उभी राहिली.

“म्हस्कू, त्या दिशी तू मला चहाचा कप हातात दिऊन गेलास तो परत आला न्हाईस. का?”

म्हस्कू वाळू चाळत राहिला. चाळणी न थांबवता म्हणाला, “भ्या वाटलं, वहिनी. दुसरं काय न्हाई.”

तिनं आत जाऊन चहा टाकला. त्याला जेवढा गोड लागायचा तेवढाच केला. भिंत दोन दिवसांत पुरी झाली आणि सरळ झाली. म्हस्कूचा हात चांगलाच होता.

दिवाळीनंतर ब्लेसनचा मुंबईहून गिताबाईला फोन आला. नाताळाला घरी यावं म्हणतोय, पण गावात कुणी काही बोलेल का, असं त्यानं विचारलं. आईला विचारलं तर ती नुसतं बघू म्हणते, असंही तो म्हणाला. लोक काय बोलतील ते लोकांना विचार, तू तुझ्या घरी ये, एवढंच ती म्हणाली आणि फोन संपतकडं देऊन टाकला.

तो आला. नाताळाच्या दिवशी कृपाबाईनं अंगणात सतरंजी टाकली, करंज्या आणि चकल्यांची ताटं मांडली. गिताबाई दुपारी गेली तेव्हा तिच्या आधीच निम्मं गाव येऊन बसलं होतं. खंडू आप्पा खुर्चीवर होते. पप्पू अन् कंपनी लहानगीला खांद्यावर घेऊन फिरवत होती. म्हस्कूनं चार करंज्या संपवल्या होत्या आणि तो ब्लेसनच्या अगदी शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. म्हस्कूच्या आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तुमच्या दवाखान्यात ऑपरेशन होईल का, ओळख लावता येईल का, असं तो विचारत होता.

गिताबाईनं ब्लेसनकडं बघितलं. त्याच्या कपाळावर खिळ्याची पांढरी खूण राहिली होती. त्यानं म्हस्कूचा मोबाईल घेतला, त्यात एक नंबर घालून दिला आणि म्हाताऱ्या बाईला घेऊन कधी यायचं, स्टेशनवर उतरून कुठल्या बाजूला चालत यायचं, ते शांतपणे समजावून सांगू लागला.

कृपाबाई ताट घेऊन आली. गिताबाईनं एक करंजी उचलली, पण ती न खाता हातातच धरून ठेवली. ती तिथून उठलीही नाही. म्हस्कूला सगळं नीट कळलं की नाही, ते ऐकत बसून राहिली.