कापूस वेचणाऱ्या यंत्राचा खुलासा

अकोल्याच्या एका साप्ताहिकात मी तारेने आलेल्या इंग्रजी बातम्यांचं मराठी करायची. अमरावतीला माझी शाळा इंग्रजीतून झाली, त्यामुळे मराठी लिहायला मी शिकले ती बातम्यांमधूनच. आधी गाव, मग वार, मग ‘आमच्या बातमीदाराकडून’. दुसरी तऱ्हा मला येत नव्हती. पुढच्या काळातल्या यंत्रांवर कादंबरी लिहायला घेतली, तीही तशीच उतरली. संपादक ती दर अंकात छापू लागले. माझं नाव घालू नका, एवढीच माझी अट. जठारपेठेत आमच्या घरीही कुणाला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या प्रकरणात दर्यापूरच्या एका वावरात कापूस वेचणारं यंत्र आलं. लोखंडी पाय, सहा हात, गावातल्या सगळ्या बायांचं काम एकटं करणारं. त्या अंकात जागा कमी पडली आणि प्रकरण कापसाच्या भावांखाली लागलं. सरकी काढायच्या जिनांमध्ये आमचा अंक एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. भाव संपले तरी वाचणारा थांबला नाही.

चार दिवसांनी अकोटकडच्या दोन बाया कचेरीत आल्या. मी कपाटाआडच्या माझ्या टेबलाशी होते.

“थे यंत्र कोन्या वावरात आलं, साहेब? आमाले पाहू द्या,” थोरली म्हणाली.

संपादक हसले. “बाई, ती गोष्ट आहे. मनची.”

“आमच्या मालकानं जिनात आयकलं. म्हन्ते, औंदा येचाले येऊ नका, यंत्र येऊन राहिलं. गोष्ट हाय तं भावाखाली कावून छापली? भावही मनचेच हायेत का?”

संपादकांचं हसू गेलं. मी बाहेर आले.

“ते मी लिहिलंय.”

दोघींनी मला वरपासून चपलांपर्यंत पाहिलं.

“कापूस येचला का कधी, पोरी?”

“नाही.”

“थे दिसतेच,” धाकटी म्हणाली. “तुया यंत्राले किडका कापूस वेगळा काढता येते का? अन् वाळला पाला?”

यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. “नाही येत,” मी म्हणाले.

“मंग मालकाले तसं लिहून दे.”

पुढच्या अंकात खुलासा देऊ, असं संपादक म्हणाले. थोरली जागची हलली नाही. वेचणी दोन दिवसांवर आली होती. “अन् मालक इचारन, खोटं हाय म्हन्ते कोन? लिवनारीनं आपलं नाव टाकाव.”

संपादक माझ्याकडे बघत राहिले. अट माझी होती, मोडायचीही मीच. मी खुलासा लिहिला, सहा ओळींचा. असं यंत्र कुठेही आलेलं नाही. ते मी मनाने रचलं. मला कापूस वेचता येत नाही. खाली नाव लिहिलं.

“नाव कोणत्या टायपात?” छपाईचे खिळे जुळवणाऱ्याने विचारलं.

“बारीक.”

“मोठं टाका,” थोरली म्हणाली. “मालकाले चष्मा लागते.”

तेव्हाच छापून काढलेला, शाई ओली असलेला कागद दोन्ही हातांत धरून त्या अकोटच्या गाडीकडे गेल्या.

मालकाने दोघींना वेचणीवर घेतलं, असं आठवड्याने आमच्या अकोटच्या बातमीदाराने कळवलं. ठरल्याप्रमाणे पुढच्या अंकात तो खुलासा पहिल्या पानावर आला होता. वडिलांनी तो दोनदा वाचला आणि घरात कुणी विचारण्याआधीच मी छापून आलेली तिन्ही प्रकरणं त्यांच्यापुढे ठेवली. पुढे लिहिलेल्या चौथ्या प्रकरणाच्या डोक्यावर बातमीसारखं गाव नव्हतं, वार नव्हता. ते जमायला मला तीन आठवडे लागले.