पेठ वडगावची चटणी आणि पुण्याहून येणारा फोन

मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि नात पल्लवी टाईप करते. मध्येच एखादं फार शहाणपणाचं वाक्य आलं तर ते तिचं समजा.

उन्हाळ्यात एका सकाळी पेठ वडगावहून भाचीचा, सुनंदाचा, फोन आला. "मावशी, आजच ये की. डोकं चालंना." सुनंदा कांदा-लसूण चटणी करून विकते, हाताखाली सहा बायका आहेत. पुण्याचा एक दुकानदार दर महिन्याला भरपूर माल उचलायला तयार होता, पण त्याला भाव कमी करून हवा होता. त्या भावात बसवायचं तर आख्खी मिरची सोडून तयार पूड घ्यायला लागणार. मग देठ काढायचं काम संपलं, आणि ते करणाऱ्या बायकांचंही. संध्याकाळी सहाला त्याला हो किंवा नाही सांगायचं होतं.

आमच्या मंगळवार पेठेत माझा सल्ला कुणी फुकटसुद्धा घेत नाही. बाहेरगावाहून मागणी आली म्हटल्यावर मी लगेच पातळ बदललं.

जाणाऱ्यांसाठी सांगते. मध्यवर्ती स्टँडवरून वडगावची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, आधार कार्ड?"

"तोंडाकडं बघ की, त्यावर छापलंय."

पल्लवीनं कार्ड दाखवलं आणि स्वतःचे पैसे मोजले. तो आनंद मला वाठार फाट्यापर्यंत पुरला. पंचगंगेचा पूल, शिरोलीचे कारखाने, मग फाट्यावरून आत. तासाभराचा रस्ता. हायवेचं काम चालू आहे, खिडकी लावून घ्या. बाजाराचा दिवस टाळा, नाहीतर कुणाच्या तरी पाटीवर बसून जावं लागेल. उतरल्यावर कटवडा खाल्ला. कट झणझणीत होता, वडा कालचा.

सुनंदाचं घर शिंका ऐकत ऐकत सापडतं. मागं पत्र्याची शेड आहे आणि तिच्यात डंक, म्हणजे लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली करणारं कुटायचं यंत्र. नाकाला रुमाल बांधूनच आत जा. बायका गोल करून ब्याडगी मिरचीचे देठ खुडत होत्या. त्यातली सगळ्यात म्हातारी हौसाबाई मला म्हणाली, "पावणं, हात मांडीवर ठिऊन बसायला आलाय व्हय?"

बसले खुडायला. ती म्हणाली, "माझं गुडघं गेल्यात. उसात वाकायचं आता जमत न्हाय. हितं बसल्या जागी हजेरीचं पैसं मिळत्यात." मग आवाज खाली आणून, "फोनचं कळलंय आमास्नी. सुनंदा काय बोलंना, पर चार दिस झालं, चहात साखर टाकायची इसरतीया."

मी आत जाऊन सुनंदाला सांगितलं, "धंदा हाय, अन्नछत्र न्हाय. घे की ऑर्डर." सांगितलं खरं, पण शेडकडे पाठ करून सांगितलं.

तिनं भाकरीबरोबर दोन वाट्या ठेवल्या. एकीत आख्खी मिरची कुटून केलेली तिची चटणी, दुसरीत तयार पुडीची, नमुन्याला केलेली. "डोळं मिटून सांग, आपली कंची? तुला कळली, तर त्येला सांगाय तोंड हाय मला."

साठ वर्षं चटणी केलेली मी! दोन्ही चाटल्या, मान डोलवली आणि थाटात बोट दाखवलं. "ही."

डोळे उघडले तर सुनंदाचा चेहरा उतरलेला. "मावशी, ही पुडीची."

"मीठ जास्त हाय त्यात, म्हणून फसले."

दारातून हौसाबाई म्हणाली, "पावण्यांची जीभ एसटीतच ऱ्हायली वाटतं." सगळ्या हसल्या. सुनंदा हसली नाही. "तुला कळंना, तर पुण्याला काय कळणार? कशाच्या जोरावर भाव मागू?"

आता मात्र मला लाज वाटली. विचारलं, "पाकीट केवढं करतीस?"

"अर्ध्या किलोचं."

"पुण्यात घरात माणसं दोन. अर्धा किलो चटणी काय अंगाला लावत्यात? लहान कर. कमी पैशाचं पाकीट उचलाय गिऱ्हाईक मागंपुढं बघत न्हाय."

ती बोटांवर हिशेब करत राहिली. पाकिटाचा खर्च वाढत होता, पण किलोमागं भाव थोडा जास्त लावता येत होता. भरायलाही हात लागणार होते.

सहाला फोन आला. सुनंदानं तो स्पीकरवर टाकला. डंक बंद.

"साहेब, मिरची आख्खीच घेणार. भाव उतरत न्हाय. पाकीट लहान करून देते."

"आणि चवीत काय फरक?"

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. "खरं सांगू? आमच्या मावशीला कळला न्हाय." मी कपाळावर हात मारला. "पण आमची मिरची आमच्या बायका हातानं निवडत्यात. आत काय पडतंय ते मला म्हाईत असतंय. तयार पुडीत काय असतंय, ते मी सांगू शकत न्हाय. हातानं निवडलेली, एवढं पाकिटावर छापते."

तो म्हणाला, "महिनाभर थोडी ठेवून बघतो. मोठी ऑर्डर मात्र विसरा, ताई."

मोठी ऑर्डर गेली. हौसाबाई पुढची मिरची खुडायला लागली.

दुसऱ्या दिवशी परत आलो. बोटांची आग दोन दिवस गेली नाही, दह्यानंही नाही. धंदा म्हणजे काय हे शिकवायला मी गेले होते आणि निम्मं शिकून आले. उरलेलं निम्मं महिन्यानं सुनंदाच्या फोनवर कळलं. लहान पाकिटं संपली होती, दुकानदारानं दुप्पट मागवली होती. पहिल्या ऑर्डरीएवढं काही ते नव्हतं.

"मग आवाज रडवेला का तुझा?" मी म्हटलं.

"हौसाक्कानं हजेरी वाढवून मागितली. म्हणती, हात माझं छापून इकतीस, तर हाताचा भाव वाढीव."

"मग?"

"वाढवली की. सगळ्यांचीच. नफा कमी झाला, पर हाय अजून."