चपलेने सुरू होणारी गाडी

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. हसा. मी आता रागावण्याच्या पलीकडे गेलोय. फक्त चहा गार होऊ देऊ नका, कारण मूर्खपणा मोठा आहे आणि मी तो क्रमाने सांगणार आहे. क्रम सोडून सांगणं मला जमत नाही, बायकोला विचारा.

तर आमची गाडी. पांढरी, पेट्रोलवर चालणारी, वय साडेतेरा. आमच्या नोएडात काय नि पलीकडे दिल्लीत काय, पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांची झाली की कायद्याने तिचे दिवस भरले. म्हणजे हिचं दीड वर्ष शिल्लक. ते तिने आमच्याच दारात सुखाने काढावं, एवढीच माझी इच्छा. मुलगी हिच्यावर गाडी शिकली. सेक्टरातल्या दोन खांबांवर अजून हिचा रंग आहे!

आणि मी गाडीची वही ठेवतो. किती किलोमीटर झाले, किती लिटर भरलं, चाकांत हवा किती, सगळं तारीखवार. अकरा वह्या झाल्यात. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

मे महिन्यात गाडी बंद पडायला लागली. उन्हात वीस मिनिटं नीट चालायची आणि सिग्नलला एकदम गप्प. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. मी वहीत लिहिलं: ‘बंद. दुपारी दोन वाजून दहा. ऊन कडक.’ मग बॅटरी बदलली. प्लग बदलले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. प्रत्येक वेळी वहीत ‘आता ठीक’ असं लिहिलं, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी ते खोडलं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेट्रोलच खराब!

हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, हे तर सगळ्यांनाच माहीत. मी सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. आकडे दिले, वहीच्या पानांचे फोटो टाकले. चौथ्या मजल्यावरच्या एका तरुणाने विचारलं, “अंकल, मेरी तो उसी पेट्रोल पे ठीक चल रही है?”

मी उत्तर दिलं, “अभी।”

काय तो आत्मविश्वास! आठवडाभरात आमच्या टॉवरमधले सातआठ जण नेहमीचा पेट्रोलपंप सोडून तीन किलोमीटर लांब जायला लागले. लिफ्टमध्ये लोक मला नमस्कार करायचे. गाडी मात्र बंदच पडत होती.

शेवटी खालच्या मजल्यावरचे कदम आले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, सगळी नोकरी फौजेच्या ट्रकवर काढलेली. म्हणाले, “साहेब, चावी अर्धी फिरवा. इंजिन लावू नका. मागच्या सीटखाली घूंऽऽ असा आवाज येतो का बघा. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा टाकीतला पंप असतो तो.”

मी मागच्या सीटवर आडवा झालो, कान गादीला लावला. बायकोने, म्हणजे सुनंदाने, चावी फिरवली.

“येतंय का काही ऐकू?”

“नाही.”

“आता?”

“नाही गं.”

“मी सकाळपासून भाजी आणा म्हणतेय, तेही नाहीच ऐकू आलेलं,” ती म्हणाली. दोन वॉचमन तोंड फिरवून हसत होते.

पंप आवाज करत नव्हता. कदम खाली वाकले, पायातली रबरी चप्पल काढली आणि टाकीच्या बुडाला खालून दोन सणसणीत लगावल्या. घूंऽऽ! गाडी सुरू!

“अडकलाय बिचारा. मारलं की जागा होतो,” कदम म्हणाले. “पण हे तात्पुरतं बरं का. बदलून घ्या.”

माणसाने काय करावं? बदलून घ्यावा. मी काय केलं? डिकीत जुन्या चपलांचा जोड ठेवला. वहीत नोंद केली: ‘डावी चप्पल, दोन फटके. उजवीने तीन लागतात.’ तीन आठवडे मी त्या चपलांवर गाडी चालवली. आणि पंप कशाने बिघडला? इथेनॉलने! ग्रुपवर तसं पुन्हा कळवलं.

मग आलं सुनंदाच्या भाचीचं लग्न, गुरुग्रामला. ही पैठणी नेसून, गजरा माळून शेजारी बसलेली. यमुनेवरच्या कालिंदी कुंजच्या पुलावर, मधल्या लेनमध्ये, गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. मी स्टिअरिंग सोडून उतरणार कसा? गाडी उतारावर होती आणि हँडब्रेकचा भरवसा नव्हता. (तीही नोंद आहे.)

“सुनंदा,” मी हळूच म्हटलं, “डिकीत चप्पल आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उतरली. पैठणीचा पदर कमरेला खोचून, भर पुलावर वाकून तिने टाकीला चप्पल मारली. एक बाइकवाला थांबून म्हणाला, “आंटी, गाडी को क्यों मार रही हो?”

“जिसको मारना है वो अंदर बैठा है,” सुनंदा म्हणाली.

गाडी सुरू झाली. लग्नाच्या हॉलसमोर उतरताना तिने निकाल दिला: “सोमवारी भंगारवाल्याला बोलावते. रविवारपर्यंतचा वेळ तुमच्या हातात. ही गाडी म्हातारी झालीय, मान्य करा.”

“गाडीचा काही दोष नाही! पेट्रोलचा आहे.”

“मग सिद्ध करा.”

रविवारी सकाळी आमच्या मार्केटमधल्या जगदीश मिस्त्रीकडे गाडी नेली. सोबत सुनंदा, साक्षीला कदम आणि पुराव्याला अकरा वह्या, पिशवीत. मिस्त्री पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने मागची सीट उचलली, खालचं गोल झाकण काढलं आणि पंप अलगद वर ओढला. पंप काळपट पडला होता. जळका वास आला.

“देखा?” मी विजयाने म्हणालो. “इथेनॉल।”

मिस्त्रीने टाकीत टॉर्च मारला. “भाईसाहब, टंकी में तेल तो है ही नहीं। तले में ज़रा-सा पड़ा है।”

“पेट्रोल की लाइट कल ही जली है। सात लीटर डलवाने ही वाला था।”

“सात? हर बार सात?”

“हर बार!” मी पिशवीतून वह्या काढल्या. “सब लिखा है। लाइट जली कि सात लीटर। एक बार भी नहीं चूका।”

मिस्त्रीने पंप माझ्यासमोर धरला. “भाईसाहब, ये पेट्रोल में डूबा रहता है, इसलिए ठंडा रहता है। आप इसको सालों से सूखा चला रहे हो। गर्मी में तो ये भुन गया।”

“आमच्या फौजेत तर हुकूमच होता,” कदम हळूच म्हणाले. “गाडी उभी करताना टाकी भरलेलीच पाहिजे. मला वाटलं, साहेबांना माहीत असणार.”

सुनंदाने एव्हाना तिसरी वही उघडली होती. तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘दिवा लागला, सात लिटर.’ ‘दिवा लागला, सात लिटर.’ आणि हे काय? ‘यापुढे टाकी कधीही पूर्ण भरू नये. वजन कमी, अ‍ॅव्हरेज जास्त. शिवाय गाडी जप्त झालीच, तर आतलं पेट्रोल तरी वाचेल.’ अहो! तेव्हा गाडी चार वर्षांची होती!”

“मी पुढचा विचार करतो,” मी म्हणालो.

मिस्त्रीने वही हातात घेतली, दोनचार पानं उलटली. देवनागरी वाचता येत होतं त्याला. म्हणाला, “लिखते बहुत अच्छा हो, भाईसाहब। कभी पढ़ भी लिया करो।”

नवा पंप तासाभरात बसला. चावी अर्धी फिरवली. घूंऽऽ! इतका गोड आवाज मी कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता. सुनंदाने तिथेच भंगारवाल्याला फोन लावला. “भैया, कल मत आना। गाड़ी बेकसूर निकली।”

ग्रुपवर माफी कशी मागितली, ते विचारू नका. चौथ्या मजल्यावरच्या त्या तरुणाने नुसते जोडलेले हात पाठवले.

येताना गाडी सुनंदाने चालवली आणि सरळ जवळच्या, म्हणजे मी बदनाम केलेल्याच पेट्रोलपंपावर घेतली. काच खाली करून म्हणाली, “फुल कर दो।” मी शेजारी बसून पैसे काढून दिले. थकलो होतो हो, खरंच. भांडायला अंगात काही उरलंच नव्हतं.

आम्ही निघालो. दोन सिग्नल गेले आणि माझं लक्ष समोर गेलं. वही काढली, पेन उघडलं.

“सुनंदा, गाडी बाजूला घे. परत मिस्त्रीकडे जावं लागणार.”

“आता काय झालं?”

“पेट्रोलचा काटा बघ. पार वर जाऊन अडकलाय.”

तिने काट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“अडकला नाहीये,” ती म्हणाली. “टाकी भरली की तो तिथेच जातो.”