एकाहत्तर गुण

गुण देताना माझा हात आखडता असतो, हे आमच्या तालुक्यात ऑटोवाल्यांनाही ठाऊक आहे. एम.ए.चे लघुप्रबंध तपासून केस पांढरे झाले. पंचाहत्तर मिळाले की विशेष प्रावीण्य, आणि ते या बाईकडून मिळवणं म्हणजे वाळूतून तेल काढणं, असं पोरं म्हणतात. मला याचा अभिमान होता. आता त्या अभिमानाची लाज वाटते.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक परिचर होता. मारेगावकडचा, बी.ए. झालेला, पन्नाशी ओलांडलेला, सदानकदा हातात झटकणं. दर उन्हाळ्यात पुस्तकांची मोजणी होई, तेव्हा वाचकांनी समासात पेन्सिलीनं लिहिलेलं खोडून टाकणं हे त्याचं काम. तो खोडायचा, पण आधी सगळं एका वहीत उतरवून घ्यायचा. मी एकदा हटकलं, तर म्हणाला, "मॅडम, लोकं पुस्तकाशी बोलून राह्यले अन् मी पुसून राह्यलो. उतरून तरी ठेवतो."

पुढे प्राचार्यांची परवानगी काढून त्यानं एम.ए.ला नाव घातलं आणि लघुप्रबंधाला हाच विषय घेतला, वाचकांनी समासात लिहिलेल्या नोंदी. मार्गदर्शक मी. त्या वहीत काय नव्हतं! एका कादंबरीत नायिका माहेरी परतते, तिथे कुणी लिहिलं होतं, 'मला नाही येऊ दिलं.' एका कवितेपाशी, 'आर्णीची गाडी चुकली, म्हणून वाचली. बरं झालं.' अर्थशास्त्राच्या पुस्तकात, 'सोयाबीन काढायला जातो, दहा दिवसांनी इथून पुढे.' पुढच्या पानांवर त्या अक्षरात काहीच नव्हतं. तो पोरगा परत आलाच नाही, असं यानं शेवटच्या प्रकरणात लिहिलं होतं. ते वाचून मी चष्मा काढून बसले होते.

"विशेष प्रावीण्य भेटन का?" त्यानं विचारलं होतं. "मले बढती-बिढती कायले पायजे? त्या काचेत माहं पुस्तक दिसलं पायजे, बस्स."

आमच्याकडे प्रावीण्य मिळालेले लघुप्रबंध वाचनकक्षातल्या काचेच्या कपाटात ठेवतात. बाकीचे मागच्या खोलीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांपाशी. ती काच रोज तोच पुसायचा.

गुण दोघांनी द्यायचे, मार्गदर्शकानं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकानं, आणि त्यांची सरासरी काढायची. मौखिकीच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सहकारी हसत म्हणाले, "घरचाच माणूस आहे, या वेळी बाईंचा हात सैल सुटणार." झालं. माझं डोकं सणकलं. मी बहात्तर दिले. संदर्भग्रंथ फक्त अकरा, हे कारण लिहिलं. मनात हिशेब असा की बाहेरचे ऐंशी देतील, शहात्तर होतील, आणि माझ्याकडे बोट कुणी दाखवणार नाही.

बाहेरचे परीक्षक सज्जन होते. मौखिकीत खूश झाले. मग पोहे खाता खाता, सगळेच करतात तसं, त्यांनी माझा कागद ओढून पाहिला. "तुम्ही मार्गदर्शक असून बहात्तर? मग आम्ही कशाला उदार व्हायचं?" असं म्हणून त्यांनी सत्तर लिहिले. पाकीट चिकटवण्याआधी माझ्याकडे पाहून म्हणाले, "वाढवायचे असतील तर आत्ताच सांगा, मीही वाढवतो."

तेच सहकारी समोर चहा पीत बसले होते. मी म्हटलं, "नको, असू द्या."

हे तीन शब्द माझे आहेत. ते दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाहीत.

त्याच वर्षी दुसऱ्या एका विद्यार्थ्याला आम्ही अठ्ठ्याहत्तर दिले होते. त्याची संदर्भसूची चार पानांची. निकालानंतर दोन्ही लघुप्रबंध जागेवर लावायचं काम अर्थातच परिचराकडे आलं. मी वाचनकक्षात होते. त्यानं त्या मुलाचा काचेत नीट उभा केला, स्वतःचा काखेत धरला आणि माझ्याजवळ थांबला.

"मॅडम, याच्या यादीतले पुस्तकं मीच झटकतो. एकबी बाहेर नाही गेलं." मग मलाच अवघडल्यासारखं झालेलं पाहून म्हणाला, "पण बाइंडिंग झकास केलं पोरानं."

आणि मागच्या खोलीकडे गेला. रागावला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यानं नेहमीसारखी काच पुसली, माझ्यासाठी चहा सांगितला.

गेल्या दिवाळीनंतर छातीत कळ येऊन तो गेला. निवृत्तीला दीड वर्ष होतं. भेटायला गेले तेव्हा त्याची बायको म्हणाली, "तुमचं लय नाव घेत होते. म्हणे, मॅडमनं पुरं वाचलं माहं, एक एक पान." मला तिच्यासमोर बसवेना.

परवा मागच्या खोलीत जाऊन त्याचा लघुप्रबंध शोधला. धूळ झटकली. पुन्हा सगळा वाचला, त्या न परतलेल्या पोरापर्यंत. मग पर्समधली पेन्सिल काढून शेवटच्या पानाच्या समासात 'ऐंशी' लिहिलं आणि खाली सही केली.

या उन्हाळ्यात मोजणी होईल तेव्हा नवा परिचर ते खोडून टाकेल. खोडण्याआधी उतरवून घेणारा आता कुणी नाही.