शेवटच्या रांगेपर्यंत

यवतमाळला कचेरीबाहेर माझे अर्जलेखनाचे टेबल आहे. नाटकांत राणीच्या भूमिका गाजवलेल्या एक बाई तेथे वरचेवर येतात आणि खासगी गोष्टही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. या आवाजापायीच त्यांचे सिनेमात जमले नाही. “थो डायरेक्टर म्हने, बाई, हळू बोला. मी म्हटलं, मंग मले आनलं कायले?”

वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी मी त्यांचा अर्ज विधिवत सिद्ध केला आणि साहेबांपुढे थोडे रडावे, असा सल्लाही दिला.

“रडनं माया धंदा होता, भाऊ. असं फुकट नाही रडत मी.”

साहेबांनी नाटकांचा पुरावा मागितला. छायाचित्रे, जाहिराती काहीच उरले नव्हते. अर्ज फेटाळला जाणार, हे मी ओळखले. बाईंनी मात्र व्हरांड्यातल्या गर्दीकडे वळून विचारले, “मले कोनी नाटकात पाह्यलं काय?”

अखेर बाभुळगावचे एक वृद्ध गृहस्थ उठले.

“म्या पाह्यलं. तुमी इख पिऊन मेल्या, अन् मायी बायको त्या रात्री जेवली नाही.”

साहेबांनी ही साक्ष नोंदवून घेतली. बाईंचे तिकडे लक्षच नव्हते.

“मंग सकाळी तरी जेवली ना ते माय?” त्यांनी विचारले.